कोंडलेला पंखा

पंखा थांबला तेव्हा माझ्या डोक्यावर भरलेली कळशी होती, आणि ती खाली पडली नाही ही महादेवाचीच कृपा म्हणायची.

"थांबला! आरं, पंखा थांबला!" देवळाच्या कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं. बायकांची रांग होती तिथंच उभी राहिली. सगळ्यांच्या माना वर. गावाच्या माथ्यावर सडा, म्हणजे आमचं कातळाचं पठार, आणि त्या सड्याच्या अगदी कडेला ती पवनचक्की. दोन वर्षं ती आमच्या उशाशी घुमत होती. आता तिची पाती हळूहळू मंदावली, एक पातं सरळ खाली आलं आणि तिथंच राहिलं. इकडं वारा तर आमचे पदर उडवत होता. वारा असून पंखा थांबला म्हटल्यावर गावाला दुसरं काय वाटणार?

"द्येवानं धरला गं बाई, द्येवानं धरला!" शेवंताकाकूंनी कळशी खाली ठेवून तिथंच लोटांगण घातलं.

नेमकं तेव्हाच आतून माझ्या सासऱ्यांचा आवाज आला, "बुडाला! पिंडी बुडाली!" मग काय विचारता? हलगी कडाडली. म्हातारी माणसं रडायला लागली. पोरांनी टोप्या उडवल्या. त्या अख्ख्या गर्दीत मी एकटीच अशी, की जिला आनंद झाला नाही. कारण पंखा कुणी थांबवलाय ते मला माहीत होतं. देवानं नाही, माझ्या नवऱ्यानं.

तुम्हाला आधी देव कोंडणं काय ते सांगायला पाहिजे. आमच्या टाकेवाडीचा महादेव खोल आहे, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. पिंडीवरचं पाणी गोमुखातून बाहेर पडतं. पाऊस रुसला की गाव गोमुखात चिकणमातीचा गोळा ठासतं आणि घागरी, कळशा ओतून गाभारा भरतं. देव पाण्याखाली गेला, की त्याचा जीव घुसमटतो आणि तो पाऊस पाडून स्वतःची सुटका करून घेतो. मग ओढा वाहायला लागला, की गोळा काढायचा. गोळा लावायचा आणि काढायचा तो गुरवाच्या घरातल्या थोरल्या बाईनं, दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. गुरवाचं घर म्हणजे आमचं. थोरली बाई म्हणजे माझी सासू, तानूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. प्यायला पाणी नाही आणि देवाला बुडवायला निघालो, असं माझ्या मनात आलं होतं, पण नव्या सुनेनं असली अक्कल तोंडावाटे काढायची नसते.

गावाचं म्हणणं असं, की पाऊस पंख्यानं पळवला. पंखा आला त्या साली पाऊस कमी झाला, दुसऱ्या साली त्याहून कमी. ढग सड्यावर यायचे, पंख्यापाशी पोचायचे आणि फाटून पलीकडं जायचे. डोळ्यांनी दिसायचं हो! मलासुद्धा कधी कधी खरं वाटायचं. ग्रामसभेत ठरलं होतं, गावातल्या कुणीही कंपनीच्या कामावर जायचं नाही. जो जाईल त्याच्या घरचं पाणी कुणी पिणार नाही. आणि पंधरवड्यामागंच पोरांनी कंपनीच्या एका जीपवाल्याला सड्यावर गाठून असा झोडपला होता, की त्याचा हात गळ्यात आला.

आणि आमचे मालक, मुरलीधर, वर्षाच्या वर झालं, त्याच कंपनीत पंखे दुरुस्त करायला जात होते. घरी सांगितलेलं तालुक्याच्या डेअरीत दूध मापायला जातो म्हणून. खरं फक्त मला ठाऊक. लग्नाच्या चौथ्या दिवशी सांगितलं होतं त्यांनी. तेव्हापासून मी पोटात कढत भात धरून वावरत होते.

त्या दिवशी सकाळी भाकरी बांधून देताना म्हणाले, "आज लांब जायचं न्हाय. आपल्याच सड्यावरचा पंखा बंद करून वर चढायचंय. तेल बदलायचंय त्याचं."

"आजच? अवो, गाव द्येव कोंडतंय आन् तुमी वर?"

"गाव खाली, मी वर. कोन बगतंय?"

"आन् आत्याबाईंनी इचारलं तर?"

"डेअरीत दांडी चालत न्हाय म्हन," असं म्हणून हसत निघून गेले. जित्याची खोड! कशाचं गांभीर्यच नाही त्या माणसाला.

तर पंखा थांबला आणि गाव नाचायला लागलं. त्यात पश्चिमेकडून आभाळ भरून यायला लागलं. खरंच भरून यायला लागलं, खोटं कशाला बोलू? कित्येक महिन्यांत असा काळा ढग आम्ही पाहिला नव्हता. हिंदूराव तात्या देवळाच्या पायरीवर चढले. हे गावचे कारभारी, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांची पाच जनावरं त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून मेली होती, आणि प्रत्येक वेळी ते गोठ्यात जाऊन लहान पोरासारखे रडले होते.

"ऐका!" तात्या म्हणाले. "द्येवानं पंखा धरलाय. पर कंपनीचा मानूस यील आन् परत कळ दाबील. मग काय करायचं?"

"पंखाच पाडू!" पोरांतला भैरू ओरडला. हातात वेळूची काठी होतीच त्याच्या.

"पाडायचा न्हाय. पोलीस येत्यात. आपुन द्येव कोंडला तसा पंखाबी कोंडायचा. दाराला कुलूप घालायचं, वर गोळा लावायचा. गुरविणीच्या हातचा गोळा, मग बगू कोन उघडतंय! वढा वाहूस्तवर दार उघडायचं न्हाय, महादेवाची आण."

"महादेवाची आण!" अख्खं गाव ओरडलं.

पंख्याला पायथ्याशी लोखंडी दार असतं, तिथून आत शिडी चढून पार वर जायचं. ते दार एकच. दुसरी वाट नाही.

कुणी बैलाची साखळी आणली, कुणी सोसायटीच्या गोदामाचं भलंमोठं कुलूप. आत्याबाईंनी मातीचा गोळा फडक्यात घेतला. निघाली वरात सड्याला. मीही मागं मागं. वाटेत एकच विचार, देवा, त्यांना आमचा गलका ऐकू जाऊ दे आणि त्यांनी गपगुमान वरच बसावं. खाली उतरले आणि दारात भैरूची काठी दिसली तर? आणि गाव बोलणार काय? "गुरवाचा पोरगा पंखा चालू करायला बसलाय." जीपवाला तरी परका होता, त्याचा हात मोडून थांबले. घरच्या माणसावर राग जास्त निघतो.

सड्यावर पोचलो तर करवंदीच्या जाळीत त्यांच्या फटफटीच्या मुठीला बांधलेलं तांबडं फडकं मला दिसलं. मीच बांधलेलं, दसऱ्याला. मी पटकन त्या जाळीपुढं जाऊन उभी राहिले, पदर पसरून. कंपनीची जीप कुठंच नव्हती. मागाहून कळलं, यांचा जोडीदार तेलाचा डबा आणायला गेला होता आणि परत येताना आमची वरात बघून त्यानं घाटातूनच जीप वळवली. जीपवाल्याचा हात त्यानंही बघितला होता की!

साखळी दाराच्या कडीतून ओवली. कुलूप लागलं, खट्टकन. त्या आवाजाबरोबर आत कुठंतरी काहीतरी खणकलं.

"तात्या, आतनं आवाज आला," भैरू म्हणाला.

एक मन म्हणत होतं, ओरड, सांगून टाक. दुसरं मन त्या काठीकडं बघत होतं.

तात्यांनी दाराला कान लावला, डोळे मिटले आणि हसले. "द्येव आवळतोय त्याला," ते म्हणाले.

"हर हर महादेव!"

झालं. आत्याबाईंनी कुलपावर गोळा थापला, अंगठ्यानं दाबून दाबून चावीचं भोक बुजवलं, वर हळदीकुंकू लावलं. किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीत बांधली. गाभारा कोंडला की त्याच्या दाराची किल्ली अशीच गुरविणीच्या पदराला असते, ओढा वाहेपर्यंत. गाव नाचत खाली उतरलं. मी मागं वळून वळून वर बघत होते. पात्यांमागच्या वरच्या डब्याला एक झाकण असतं म्हणे, तिथून डोकं बाहेर काढता येतं. कुणी डोकं काढलं नाही.

मी मनाशी हिशेब मांडला, की आता गाव देवळात भजनाला बसेल. यांना तिथं काही होत नाही. पाणी आहे, भाकरी आहे. संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून आत्याबाईंच्या पदरातली किल्ली मिळवायची. बरा होता हिशेब. पण आम्ही देवळाशी पोचतोय तेवढ्यात आभाळ गडगडलं.

माणसं आनंदानं ओरडली आणि मी वळून सड्याकडं बघितलं.

वादळात पंख्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं. मागच्या वळवात पलीकडच्या डोंगरावरच्या पंख्यावर वीज पडली होती. पातं उभं चिरलं, काळं ठिक्कर होऊन कित्येक दिवस लोंबत होतं. गावानं देवळाच्या कट्ट्यावर बसून ते बघितलं आणि टाळ्या पिटल्या. त्या रात्री यांनी मला सांगितलं होतं, "आभाळ वाजलं की हातातलं टाकायचं आन् आदी खाली. वर थांबायचं न्हाय, दारातबी थांबायचं न्हाय. गाडीत बसून सड्यावरनंच निगायचं. डोळं मिटून ह्यो नेम पाळतो बग आमी." तोच एक नेम तो माणूस पाळायचा, आणि आज त्याच्या दाराला आम्ही साखळी घालून आलो होतो.

देवळात मृदुंग सुरू झाला. आत्याबाई खांबाला टेकून टाळ वाजवत होत्या. मी जाऊन त्यांच्या कानाशी वाकले.

"आत्याबाई, जरा भायेर या."

"आता? भजनात? काय झालं?"

"या तुमी. तुमच्या पाया पडते."

माझं तोंड बघून त्या उठल्या. देवळामागं चाफ्याखाली आम्ही दोघी. आयुष्यात त्या बाईसमोर मी मान वर करून बोलले नव्हते आणि आता हे सांगायचं होतं.

"हे डेअरीत जात न्हाईत. हे... कंपनीत जात्यात. पंख्याच्या."

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "मग? ह्ये सांगाया बोलीवलंस व्हय?"

"तुमाला म्हाईत हाय?"

"अगं खुळे, तू लगीन हून यायच्या आदी त्याची कापडं कोन धूत व्हतं? दूध मापनाऱ्याच्या सदऱ्याला वंगनाचा वास येतो व्हय? बोलले न्हाय, कारन बोलले आसते तर मालकास्नी सांगावं लागलं आसतं, आन् मालक गावाला सांगून मोकळं झालं आसतं. खोटं बोलाय येत न्हाय त्यास्नी. बरं, रडतीस कशापायी?"

"आज ते आपल्याच पंख्यात हाईत. वर. त्यांनीच बंद केला त्यो. आतनं आवाज आला त्यो त्यांचाच."

पुढचं सांगायची गरज पडली नाही. त्याच क्षणाला सड्यावर वीज चमकली आणि त्या उजेडात पंखा दिसला, पांढरा, एकटा. आत्याबाईंचा चेहरा असा झाला, की मला तो आजही आठवावासा वाटत नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं त्यांनी. नखांत चिकणमाती होती.

"माज्या हातानं..." एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या. निघाल्या म्हणजे पळाल्याच. साठीची बाई, गुडघे दुखायचे, उठताबसता आई गं म्हणायची. ती बाई सड्याची चढण अशी चढली, की तरणीताठी मी मागं राहिले. वाटेत पाय घसरला, हाताची सालटं निघाली, उठली आणि परत चालायला लागली. तोंडानं एकच, "मुरल्या, थांब रं बाळा, आलेच, थांब रं."

देवळातून कुणीतरी बघितलं असावं. मृदुंग थांबला. मागं वळून बघते तर माणसं बाहेर पडून आमच्या मागं यायला लागली होती.

आम्ही दारापाशी पोचलो. आत्याबाईंनी दारावर थाप मारली. "मुरल्या! आत हायस का रं?"

आतून लगेच थाप आली. मग आवाज, दबका, लोखंडातून आल्यासारखा. "आये? आये, दार उघड लौकर! लई कडकड व्हतंय वर!"

आत्याबाईंनी पदराची गाठ सोडली. बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. किल्ली घेतली, पण भोकात जाईल तर शपथ! वाऱ्यानं गोळा वाळून टणक झाला होता आणि आत चांगला ठासलेला होता. त्यांनीच ठासला होता, अंगठ्यानं दाबून दाबून. त्यांनी डोक्यातला आकडा उपसला, अंबाडा सुटला, आणि कोरायला लागल्या. मी नखांनी वरची माती ओरबाडत होते.

"गुरवीण!"

हिंदूराव तात्या. धापा टाकत होते. मागं भैरू, त्याच्या मागं निम्मं गाव.

"काय करतीस ह्ये? आण घातलीया महादेवाची! वर बग, आभाळ कसं टेकलंय! आत्ता पडंल, आत्ता! आन् तू कोंड फोडतीस?"

"तात्या, आत माजा मुरल्या हाय," आत्याबाई कोरता कोरता म्हणाल्या.

भैरू पुढं आला. "तिथं काय करतोय त्यो?"

"पोटाचं करतोय. दुसरं काय करनार?"

"म्हंजी गावचा पाऊस पळवनारा तुमच्याच घरात व्हय! म्हनून तर..." त्यानं काठी उचलली. मी मधे उभी राहिले. कुठून बळ आलं देव जाणे. "भैरूभावजी, आदी मला मारा," म्हणाले. माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला. तात्यांनी भैरूची काठी धरली.

काठी धरली खरी, पण दुसरा हात त्यांनी दारावर ठेवला. आणि मग ते जे बोलले ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते हात जोडल्यासारखं बोलले.

"तानू. वाईच थांब. पोराला काय हुत न्हाय. आत लोखंड हाय, घरावानी हाय. पाऊस येऊ दे. चार थेंब पडू दे. पडलं की मी सोता कुलूप फोडतो, त्याला खांद्यावर घेऊन खाली नेतो. तुज्या पाया पडतो मी. गोठ्यात माजी शेवटली गाय हाय."

वर आभाळ खरंच टेकलं होतं. थंड वारा सुटला होता, मातीचा वास यायला लागला होता. त्या वासानं माणसं नुसती वेडी झाली होती. आणि आतून माझा नवरा दार बडवत होता.

"आन् वीज पडली म्हंजी?" आत्याबाईंनी विचारलं.

तात्यांनी वर आभाळाकडं बघितलं.

"तुमची गाय मेली तर मी तुमच्या संगं रडंन, तात्या. मागंबी रडले हाय. पर माजं पोरगं मी कोंडनार न्हाय. द्येव कोंडला तर पाऊस पडतो आसं आपल्या वाडवडलांनी सांगितलंय. पोरगं कोंडलं तर पडतो, आसं कुनी सांगितलं?"

तात्यांनी दारावरचा हात काढला. चार पावलं लांब गेले आणि एका धोंड्यावर बसले, आमच्याकडं पाठ करून. "मला दावू नगंस," म्हणाले. "उघड, पर मला दावू नगंस."

आकड्याचं टोक मोडलं तेव्हा कुठं माती निघाली. किल्ली फिरली. साखळी खळाखळा खाली पडली.

मुरलीधर बाहेर आले, काळे, तेलकट, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. आत्याबाईंनी आधी त्यांच्या थोबाडीत मारली. अशी, की आवाज सड्यावर घुमला. "दूध मापलंस का रं समदं?" म्हणाल्या. मग त्यांना कवटाळून जी रडली ती बाई! मीही रडले. तशीच त्यांचा दंड धरून मी त्यांना सड्याखाली ओढत नेलं, गर्दीतून, आणि कुणी हात लावला नाही. आत्याबाई केस मोकळे सोडून मागून येत होत्या.

आता तुम्ही विचाराल, वीज पडली का?

नाही पडली. आम्ही कड्याखाली येऊन बसलो, कान झाकून वाट बघत बसलो, पण पंख्यावर वीज पडली नाही. आणि पाऊसही पडला नाही. तो एवढा मोठा ढग आमच्या डोळ्यांदेखत सड्यावरून सरकला आणि पलीकडच्या खोऱ्यात जाऊन रिकामा झाला. तिकडचे ओढे त्या रात्री वाहिले. आमच्याकडं नुसता वास.

गावानं काय म्हटलं असेल ते सांगायला नको. "वीज पडनारच न्हवती, पाऊस मातूर पडनार व्हता. गुरविणीनं कोंड फोडला." तात्यांची गाय त्याच आठवड्यात गेली. आत्याबाई कबूल केल्याप्रमाणे रडायला गेल्या, तर त्यांना दारातून परत पाठवलं. वर्षभर आमच्या घरचं पाणी कुणी प्यायलं नाही, आत्याबाईंच्या हातचा अंगारा कुणी घेतला नाही. सासरे देवळातून घरी यायला उशीर करायला लागले. मुरलीधर कामावर राहिले. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. महिनाभरानं पाऊस आला. चांगला आला. पंखा गरगरा फिरत होता आणि वर ढग फुटत होते. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

आत्याबाईंना एका गोष्टीनं पोखरलं. रात्री दचकून उठायच्या. म्हणायच्या, "आवाज आला व्हता गं वैजू. भैरू म्हनला बी, आतनं आवाज आला. एकदा हाक मारली आसती तर? येवढं गाव व्हतं. कुनी एकानं हाक मारली न्हाय. मीबी न्हाय." मी काय सांगणार? मी तर तोंड असून गप्प बसले होते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी परत तसंच कोरडं साल आलं. गावानं परत देव कोंडायचं ठरवलं. तोवर सड्यावर पंख्यांची रांग झाली होती आणि निम्म्या घरांतली पोरं तिथं कामाला होती, भैरूचा मुलगासुद्धा. गोळा लावायला गुरवीणच लागते, म्हणून आत्याबाईंना बोलावणं आलं. गोमुखापाशी त्या गोळा घेऊन वाकल्या, आणि थांबल्या. गोमुखाला तोंड लावून त्यांनी आत हाक मारली, "आत कुनी हाय का?"

रिकाम्या गाभाऱ्यात हाक घुमली. लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी फिसकन हसलं. हिंदूराव तात्या पार थकले होते, पोराच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी काठी आपटली.

"हसताय काय? परत मार, तानू," ते म्हणाले. "नीट मार. आईक आन् मगच लाव."

आत्याबाईंनी परत हाक मारली, कान लावला, आणि मग गोळा लावला. त्या संध्याकाळी तात्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या ओसरीवर आले आणि पाणी मागून प्याले.

दोघंही गेले आता. गोळा लावायचं काम माझ्याकडं आलं. परवाच्या दुष्काळात देव कोंडताना शहरातून एक शिकलेली मुलगी आली होती, जुन्या रीतीभाती टिपून घ्यायला. गावातल्या पोरांनी तिला सांगितलं, की गोमुखात हाक मारायची रीत आमच्याकडं पांडवांपासून आहे, देवाला जागं करतात. मी काही खोडून काढलं नाही. मी वाकले, हाक मारली, "आत कुनी हाय का?" आणि गोमुखाला कान लावला. मुलगी म्हणाली, "आजी, किती वेळ ऐकायचं असतं?" मी म्हटलं, "खात्री हुईपत्तूर, बाई."